एक लाखाचा आकडा

लघवीच्या कल्चरच्या अहवालात ‘दर मिलिलिटरला १,००,००० पेक्षा अधिक’ असा शेरा आला की तो आकडा रुग्ण, नातेवाईक आणि पुष्कळदा डॉक्टरही थर्मामीटरवरच्या तापाच्या आकड्याइतक्याच भरवशाने वाचतात. प्रत्यक्षात ते एक लाख जीवाणू कोणीही मोजलेले नसतात. प्रयोगशाळेत मोजल्या गेलेल्या असतात त्या बशीवरच्या शंभर-सव्वाशे वसाहती, आणि त्यांना एक हजाराने गुणून अहवालातला आकडा सिद्ध झालेला असतो. गुणाकारात चूक होण्यासारखे काही नसते. परंतु ज्या शंभराला हजाराने गुणले ते शंभर किती लघवीतून आले, ती लघवी बशीपर्यंत पोहोचायला किती तास लागले आणि त्या अवधीत तिच्यात काय घडले, हे अहवालावर लिहिलेले नसते. वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रातले पुष्कळसे संशोधन याच जातीच्या आकड्यांवर उभे आहे. औषधाने जीवाणू किती घटले, जंतुनाशकाने किती मेले, संसर्ग खरा आहे की नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळले, हे सारे निर्णय मोजदादीवर ठरतात, आणि म्हणून मोजदाद कितपत विश्वासार्ह आहे हा प्रश्न प्रयोगशाळेच्या चार भिंतींत राहत नाही.

मोजदादीची मूळ कल्पना जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांची. द्रव रसात जीवाणू वाढले की रस नुसता गढूळ होतो, त्यात कोणते जीवाणू आहेत आणि किती आहेत हे कळत नाही. उलट पृष्ठभाग घट्ट असेल तर जो जीवाणू जिथे पडला तिथेच त्याची प्रजा वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत नुसत्या डोळ्यांना दिसेल असा ठिपका तयार होतो. या ठिपक्याला वसाहत म्हणतात. कॉख यांनी १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेच्या वेळी ही पद्धत करून दाखवली, तेव्हा ते जिलेटिन वापरत असत आणि जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळून जाई. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी त्याऐवजी अगार सुचवला. समुद्रशैवालापासून मिळणारा हा पदार्थ आपल्याकडे चायना ग्रास या नावाने किराणा दुकानात मिळतो आणि घरोघरी जेली-पुडिंगसाठी वापरला जातो. तो ३७ अंशांना घट्टच राहतो, हा त्याचा गुण सूक्ष्मजीवशास्त्राला फार मोलाचा ठरला. १८८७ मध्ये रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी वर्णन केली आणि साहित्य पुरे झाले. पुढच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत काचेची जागा प्लॅस्टिकने घेतली, मोजायला कॅमेरे आले, पण मोजदादीचा पाया तोच राहिला.

या पायात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की एका जीवाणूपासून एक वसाहत होते. ते पूर्णपणे खरे नाही. स्टॅफिलोकोकस जातीचे जीवाणू द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटून राहतात, स्ट्रेप्टोकोकसच्या माळा असतात आणि क्षयाचे जंतू तर मेणचट आवरणामुळे दोरखंडासारखे पीळ घालून वाढतात. दहा जीवाणूंचा घड बशीवर पडला तरी वसाहत एकच उगवते. शिवाय मेलेला जीवाणू वसाहत करत नाही, आणि जिवंत असूनही त्या माध्यमावर, त्या तापमानाला, त्या हवेत वाढायला तयार नसलेला जीवाणूही करत नाही. म्हणून जाणकार ‘जीवाणूंची संख्या’ असे न म्हणता ‘वसाहत निर्माण करणारी एकके’, म्हणजे सीएफयू, असा शब्द वापरतात. हा शब्द काटेकोरपणाचा दिखावा नव्हे, त्यात पद्धतीची मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केलेली आहे. नमुना जोराने घुसळला तर घड सुटतात आणि आकडा वाढतो, तेव्हा घुसळणे हलक्या हाताने झाले की यंत्रावर, हाही निकालाचाच भाग ठरतो.

नमुन्यात जीवाणू फार असतील तर तो तसाच बशीवर पसरून चालत नाही, कारण सगळी बशी दुधाच्या सायीसारखी भरून जाते. म्हणून टप्प्याटप्प्याने पातळ करण्याची, म्हणजे विरलनाची, रीत आहे. ९ मिलिलिटर निर्जंतुक क्षारद्रावणाच्या नळ्या ओळीने मांडायच्या, पहिल्या नळीत नमुन्याचा १ मिलिलिटर घालून ढवळायचा, तिच्यातला १ मिलिलिटर दुसरीत, दुसरीतला तिसरीत, असे करत गेले की प्रत्येक नळीत दहापट पातळ द्रव तयार होतो, आणि त्यातला ०.१ मिलिलिटर बशीवर पसरून दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. यातल्या कोणत्या बशीवर विश्वास ठेवावा, याचा विचार अमेरिकेत दुधाच्या तपासणीच्या निमित्ताने झाला. ब्रीड आणि डॉटरर यांनी १९१६ मध्ये मोजण्याजोग्या बशीच्या मर्यादांवर निबंध लिहिला, आणि पुढे ३० ते ३०० वसाहतींची बशी ग्राह्य धरण्याचा संकेत पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. काही नियमावल्यांनी नंतर तो २५ ते २५० असा केला. वरची मर्यादा गर्दीमुळे येते, कारण दाटीवाटीत वसाहती एकमेकींत मिसळतात आणि अन्नासाठी एकमेकींना मारक ठरतात. खालच्या मर्यादेचे कारण मात्र निराळे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी दारूच्या भट्टीत डोकावावे लागते.

डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचे रसायनज्ञ होते, जे ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहीत. बिअरसाठी लागणाऱ्या यीस्टच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालच्या चौकटींत मोजताना त्यांच्या लक्षात आले की द्रव कितीही नीट ढवळला तरी प्रत्येक चौकटीत सारख्या पेशी पडत नाहीत. १९०७ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यांनी ४०० चौकटींच्या मोजणीवरून दाखवले की ही तफावत मोजणाऱ्याच्या हलगर्जीपणाची नसून योगायोगाची आहे आणि ती ठरावीक गणिती नियमाने चालते. हा नियम पॉइसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. व्यवहारापुरते त्याचे सार सोपे आहे. मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ हे तिच्या अनिश्चिततेचे माप मानायचे आणि त्याच्या दुपटीइतकी तफावत दोन्ही बाजूंना संभवते असे धरायचे. बशीवर १०० वसाहती असतील तर वर्गमूळ १०, म्हणून त्याच नळीतून पुन्हा पेरल्यास ८० ते १२० च्या दरम्यान काहीही येऊ शकते. वसाहती ९ च असतील तर वर्गमूळ ३, आणि पल्ला जवळजवळ ३ ते १५ होतो, म्हणजे वरचे टोक खालच्या टोकाच्या पाचपट. अशा बशीवरच्या ९ ला दहा हजाराने गुणून ९०,००० लिहिले तर आकडा भारदस्त दिसतो, पण त्याचे बळ त्या नऊ ठिपक्यांइतकेच राहते.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी थॉर्नटन आणि मॅकेन्झी यांच्यासह १९२२ मध्ये हा विचार बशीवरच्या मोजणीला लावला. त्यांचे काम मातीतल्या जीवाणूंवर होते, तरी त्यातून निघालेली कसोटी वैद्यकीय प्रयोगशाळेलाही तितकीच लागू पडते. एकाच नळीतून पेरलेल्या समांतर बशांमधली तफावत पॉइसाँच्या नियमाइतकीच असेल, तर पेरण्याचे तंत्र निर्दोष मानावे. तफावत त्याहून जास्त असेल, तर कुठेतरी पिपेट चुकते आहे, ढवळणे अपुरे आहे किंवा एखाद्या बशीवर पसरणाऱ्या वसाहतीने इतरांना दाबले आहे, असे समजावे. या कसोटीची दुसरी धार अधिक महत्त्वाची आहे. तफावत नियमापेक्षा फारच कमी असेल, तर तेही संशयास्पद असते. तीन बशांवर १०१, १००, १०२ असे आकडे एखाद्या दिवशी येऊ शकतात, पण एखाद्या निबंधात प्रत्येक नमुन्याचे तिन्ही आकडे असेच गळ्यात गळा घालून आले असतील, तर ते कौशल्याचे लक्षण नव्हे. मोजणाऱ्याला आधीचा आकडा माहीत होता आणि पुढची मोजणी नकळत त्याच्याकडे झुकली, असे होऊ शकते, किंवा ‘न जुळणारी’ बशी बाजूला टाकलेली असू शकते. मोजणाऱ्याला नमुन्याची ओळख कळू न देता मोजायला लावणे हा त्यावरचा साधा उपाय आहे, आणि तो अजूनही पुरेसा वापरला जात नाही.

तथापि योगायोगाची तफावत ही मोजणीतल्या दोषांपैकी सर्वांत निरुपद्रवी मानली पाहिजे, कारण ती आधी सांगता येते आणि बशा वाढवून कमी करता येते. पिपेट दर वेळी दहा टक्के कमी द्रव सोडत असेल, तर शंभर बशा पेरूनही ती चूक तशीच राहते आणि विरलनाच्या प्रत्येक पायरीवर साचत जाते. संशोधनात एक गल्लत वारंवार आढळते, ती अशी की एका रुग्णाच्या एका नमुन्यातून एकाच नळीद्वारे तीन बशा पेरल्या जातात आणि गणितात त्यांना तीन स्वतंत्र निरीक्षणे धरले जाते. तीन बशा म्हणजे तीन रुग्ण नव्हेत. बशा शेवटच्या पायरीतली तफावत तेवढी दाखवतात. नमुन्या-नमुन्यातली, दिवसा-दिवसातली आणि माणसा-माणसातली तफावत त्यांच्यात उतरत नाही, आणि औषधाचा गुण ठरवताना याच तफावती खऱ्या महत्त्वाच्या असतात.

आता एक लाखाकडे परत येता येईल. लघवीच्या तपासणीत विरलनाची लांबलचक रीत परवडत नाही, कारण मोठ्या रुग्णालयात रोज शेकडो नमुने येतात. तिथे मापाचा लूप वापरतात. लूप म्हणजे दांडीच्या टोकाला असलेले इवलेसे वर्तुळ, जे द्रवात बुडवल्यावर त्यात द्रवाचा पडदा धरतो. हा पडदा १ मायक्रोलिटरचा, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागाचा, असावा अशी त्याची घडण असते. तो अगारवर फिरवायचा, बशी रात्रभर ३७ अंशांना ठेवायची आणि सकाळी उगवलेली प्रत्येक वसाहत एक हजार मानायची. १०० वसाहती उगवल्या की एक लाख. पद्धत इतकी सुटसुटीत आहे की तिच्यातला नाजूकपणा लक्षात येत नाही. लूप उभा धरून बुडवला तर एक माप येते, तिरका धरला तर दुसरे. अरुंद नळीत आणि रुंद तोंडाच्या डबीत पडदा सारखा धरत नाही. तारेचा लूप वारंवार ज्योतीवर तापवून वाकडा झाला की त्याचे माप बदलते, म्हणून रंगीत द्रव उचलून त्याची अधूनमधून पडताळणी करावी लागते. प्रोटियस जातीचे जीवाणू असतील तर ते बशीभर लाटांसारखे पसरतात आणि वसाहती वेगळ्या दिसेनाशाच होतात. त्यांना आवर घालण्यासाठी क्षार कमी असलेला सीएलईडी नावाचा अगार वापरावा लागतो.

परंतु हा एक लाखच का? एडवर्ड कॅस या बॉस्टनच्या वैद्यांनी १९५६ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या कामातून तो आला. मूत्रमार्ग स्वतः निर्जंतुक मानला तरी बाहेर पडताना लघवीत त्वचेवरचे व योनिमार्गाजवळचे जीवाणू मिसळतात, म्हणून नुसते ‘जीवाणू सापडले’ म्हणून संसर्ग ठरवता येत नाही. कॅस यांना दिसले की मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग असलेल्या रुग्णांत संख्या बहुधा एक लाखाच्या वर असते, तर निव्वळ मिसळलेल्या जीवाणूंची संख्या बरीच खाली राहते. लक्षणे नसलेल्या स्त्रियांत दडलेला संसर्ग शोधण्यासाठी त्यांनी ही रेषा आखली. एका नमुन्यात लाखाच्या वर संख्या आली तर संसर्ग खरा असण्याची शक्यता सुमारे ८० टक्के आणि लागोपाठ दोन नमुन्यांत आली तर सुमारे ९५ टक्के, असा हिशेब त्यातून रूढ झाला. ही रेषा ज्या प्रश्नासाठी आखली होती त्या प्रश्नापुरती उत्तम होती. पुढे मात्र ती सर्वांना लावली गेली, आणि जिला लघवीला जळजळ होते आहे, वारंवार जावे लागते आहे, अशा स्त्रीचाही अहवाल लाखाच्या खाली आला म्हणून ‘संसर्ग नाही’ असा वाचला जाऊ लागला.

सिअॅटलच्या वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये याची तपासणी मांडली. त्यांनी जळजळ असलेल्या स्त्रियांच्या मूत्राशयातून थेट सुईने किंवा नळीने लघवी घेतली आणि ती नेहमीच्या मध्यधार नमुन्याशी, म्हणजे सुरुवातीची धार सोडून घेतलेल्या लघवीशी, ताडून पाहिली. मूत्राशयात कोलाय वर्गाचे जीवाणू प्रत्यक्ष असलेल्या स्त्रियांपैकी केवळ ५१ टक्के स्त्रिया एक लाखाच्या रेषेने ओळखल्या गेल्या. रेषा दर मिलिलिटरला १०० पर्यंत खाली आणली तेव्हा ९५ टक्के ओळखल्या गेल्या आणि संसर्ग नसलेल्यांपैकी ८५ टक्क्यांना ती बरोबर वगळत होती. म्हणजे जुन्या रेषेने जवळजवळ निम्म्या आजारी स्त्रियांना निरोगी ठरवले होते. मोजणी चुकली नव्हती. मोजलेल्या आकड्याला विचारलेला प्रश्न चुकला होता.

इथे लूपचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि तो थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. ज्या लघवीत दर मिलिलिटरला १०० जीवाणू आहेत, तिच्या १ मायक्रोलिटरमध्ये सरासरीने ०.१ जीवाणू येतो, म्हणजे दहांपैकी नऊ वेळा बशी कोरीच राहणार. १० मायक्रोलिटरचा मोठा लूप घेतला तर सरासरी १ जीवाणू येतो, पण पॉइसाँच्या हिशेबाने तरीही शंभरात सुमारे ३७ वेळा बशीवर काहीच उगवणार नाही. तेव्हा छोट्या लूपने पेरलेल्या बशीवरून ‘जीवाणूंची वाढ नाही’ असा अहवाल आला, तर त्याचा खरा अर्थ ‘दर मिलिलिटरला हजार-दोन हजारांपेक्षा फार जास्त नसावेत’ एवढाच होतो. संशोधनाच्या निबंधातही ‘शून्य’ लिहिलेले असते तिथे हाच विचार करावा लागतो. ०.१ मिलिलिटर पेरून एकही वसाहत आली नाही, तरी मूळ द्रवात दर मिलिलिटरला ३० पर्यंत जीवाणू असणे संभाव्यतेच्या नेहमीच्या मर्यादेत बसते. शोधमर्यादा न सांगता लिहिलेले शून्य ही माहिती नव्हे.

याहून मोठी चूक बशी हातात येण्याआधीच होऊन गेलेली असते. लघवी हे जीवाणूंना पुरेसे पोषक असे माध्यम आहे. अर्ध्या तासाला दुप्पट असा मध्यम वेग धरला, तर दर मिलिलिटरला १,००० जीवाणू असलेला नमुना साडेतीन तासांत सात वेळा दुप्पट होऊन १,२८,००० वर पोहोचतो, आणि मिसळलेल्या जंतूंचा निरुपद्रवी नमुना लाखाची रेषा ओलांडून ‘संसर्ग’ बनतो. म्हणून दोन तासांच्या आत पेरावे, ते शक्य नसेल तर ४ अंशांच्या आसपास थंड ठेवून २४ तासांत पेरावे, किंवा बोरिक आम्ल घातलेली डबी वापरावी, असा दंडक आहे. तालुक्याच्या गावातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेला नमुना दुपारच्या गाडीने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जात असेल आणि महिना विदर्भातल्या मे चा असेल, तर या दंडकाचे मोल वेगळे सांगायला नको. बोरिक आम्लाची डबीही खुणेपर्यंत भरली पाहिजे, कारण लघवी कमी पडली तर आम्ल तीव्र होऊन ते जीवाणूंनाच मारते आणि आकडा उलट्या दिशेने चुकतो.

क्षयरोगाच्या संशोधनात मोजणीची अडचण आणखी वाढते, कारण क्षयाचा जंतू तीन ते सहा आठवड्यांनी वसाहत दाखवतो आणि तोवर थुंकीतल्या इतर जंतूंनी बशी व्यापून टाकलेली असते. रोजच्या तपासणीत त्यावर सोडियम हायड्रॉक्साइडचा उपाय करतात. त्याने इतर जंतू मरतात, पण क्षयाचे जंतूही पुष्कळ मरतात, म्हणून ती रीत ‘आहे की नाही’ एवढ्या प्रश्नाला चालते, ‘किती आहेत’ याला चालत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहायचे म्हटले तर दर मिलिलिटरला ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय पट्टीवर ते सापडतच नाहीत, आणि रंगलेला जंतू जिवंत की मेलेला हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. उपचार चांगले लागू पडलेल्या रुग्णाच्या थुंकीत मेलेले जंतू काही आठवडे दिसत राहू शकतात. अमिना जिंदानी, डेनिस मिचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैरोबीत केलेल्या आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या अडचणीतून वाट काढली. रात्रभराची थुंकी गोळा करायची, प्रतिजैविके मिसळलेल्या निवडक माध्यमावर पेरून इतर जंतूंना रोखायचे, आणि औषध सुरू केल्यावर दररोज वसाहतींची संख्या किती घसरते ते पाहायचे. एका वेळची थुंकी कधी घट्ट, कधी लाळेने पातळ झालेली असते. रात्रभराच्या साठ्याने ही तफावत पुष्कळ कमी होते.

या पद्धतीने नव्या औषधांची पहिली परीक्षा आजही घेतली जाते, आणि तिनेच मोजणीची एक खोल मर्यादाही दाखवून दिली. पहिल्या दोन दिवसांत संख्या सर्वांत झपाट्याने खाली आणते ते आयसोनियाझिड. पायराझिनामाइडचा प्रभाव त्या दोन दिवसांत जवळजवळ दिसतच नाही. तरीही क्षयाचे उपचार सहा महिन्यांवर आणणे शक्य झाले ते रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांच्या जोडीमुळे, कारण सुरुवातीला भराभर मरणारे जंतू वेगळे आणि शेवटपर्यंत चिवटपणे तगून आजार उलटवणारे जंतू वेगळे. थुंकीतल्या जंतूंपैकी मोठा वाटा असा असू शकतो की जो घट्ट माध्यमावर उगवत नाही आणि विशिष्ट प्रथिने मिसळलेल्या द्रवातच जागा होतो, हे २०१० मध्ये गॅलिना मुकामोलोवा आणि सहकाऱ्यांनी दाखवले. बशी प्रामाणिक होती, पण ती ज्यांना पाहू शकत होती त्यांच्याबद्दलच बोलत होती.

औषधे आणि जंतुनाशके यांच्या चाचण्यांत आणखी एक फसगत होते. नमुन्याबरोबर औषधही बशीवर येते आणि अगारवर आपले काम चालू ठेवते. मग शरीरात किंवा हातावर न मेलेला जीवाणू बशीवर वाढू शकत नाही आणि औषधाच्या खात्यात जमा होतो. म्हणून हात निर्जंतुक करण्याच्या द्रावांच्या चाचणीत लेसिथिन, पॉलिसॉर्बेट यांसारखी निष्प्रभक द्रव्ये लगेच मिसळावी लागतात, आणि ती द्रव्ये स्वतः जीवाणूंना मारत नाहीत याचीही वेगळी तपासणी दाखवावी लागते. ही तपासणी ज्या अभ्यासात नाही, त्यातल्या ‘९९.९ टक्के’ या दाव्याला किंमत देऊ नये. या टक्क्यांचेही भान ठेवावे लागते, कारण दहा लाखांतून ९९.९ टक्के गेले तरी एक हजार उरतात. अशा प्रचंड पल्ल्यामुळेच अभ्यासक लॉगॅरिदमच्या मापाने बोलतात, ज्यात प्रत्येक पायरी दहापटीची असते. तीन रुग्णांत १००, १०,००० आणि १०,००,००० असे आकडे असतील तर साधी सरासरी ३,३६,७०० येते आणि ती एकट्या तिसऱ्या रुग्णाचे चित्र दाखवते. लॉगॅरिदमवरून काढलेली सरासरी १०,००० येते आणि ती तिघांच्या मधोमध बसते.

वसाहतींची वाट न पाहता जीवाणूंचा डीएनए मोजणाऱ्या पीसीआर पद्धतीने हे सारे प्रश्न सुटतील अशी आशा होती. काही सुटले, काही नवे आले. मेलेल्या जीवाणूचा डीएनएही मोजला जातो. मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस या जनुकाच्या इ. कोलायमध्ये सात प्रती असतात तर क्षयाच्या जंतूत एकच, त्यामुळे प्रतींची संख्या म्हणजे जीवाणूंची संख्या नव्हे. आणि चाचणीत वापरल्या जाणाऱ्या रसायनांमध्येच जीवाणूंच्या डीएनएचे अंश असतात, जे जवळजवळ निर्जंतुक नमुन्यांत खऱ्या जंतूंपेक्षा ठळक दिसू शकतात, हे २०१४ मध्ये स्पष्टपणे मांडले गेले. दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत म्हणून एक पद्धत चूक, असा निष्कर्ष घाईचा ठरतो, कारण त्या वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात.

काही ठिकाणी तर मोजणीचीच गरज तपासून पाहावी लागते. कृत्रिम श्वसनयंत्रावरच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला आहे का, हे ठरवण्यासाठी फुप्फुसात दुर्बीण घालून, धुवून आलेल्या द्रवात दर मिलिलिटरला १०,००० ही रेषा वापरण्याची पद्धत रूढ झाली होती. कॅनडातल्या अतिदक्षता संशोधकांच्या गटाने ७४० रुग्णांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या मोजणीवर चाललेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १८.९ टक्के होते, आणि श्वासनलिकेतून साधा स्राव घेऊन, काटेकोर मोजणी न करता उपचार केलेल्या गटात १८.४ टक्के. इतक्या खटाटोपाने मिळवलेल्या आकड्याने रुग्णाच्या नशिबात फरक पडला नव्हता. रक्ताच्या कल्चरमध्ये तर प्रौढ रुग्णात पुष्कळदा मिलिलिटरला एकही जीवाणू नसतो, आणि तिथे आकड्यापेक्षा बाटलीत पुरेसे रक्त घातले की नाही हे महत्त्वाचे.

लघवीच्या अहवालाबाबत मात्र एक सुधारणा आपल्या प्रयोगशाळांना आजच करता येईल, आणि त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. नमुना किती वाजता घेतला, किती वाजता पेरला आणि किती मायक्रोलिटरच्या लूपने पेरला, या तीन गोष्टी आकड्याच्या शेजारी छापल्या जाव्यात, आणि जिला जळजळ होते आहे तिचा अहवाल कोरा आला तर डॉक्टरांनी त्या तीन गोष्टी पाहिल्यावाचून तिला ‘काही नाही’ असे सांगून परत पाठवू नये.